गाडीचा ॲम्प्लिफायर आणि सबवूफर घरच्या कॉम्प्युटरला जोडताना: आधी करंट, मग आवाज

इंदूरला गाडी विकताना बरेच जण डिकीतला सबवूफर आणि ॲम्प्लिफायर काढून ठेवतात, कारण घेणारा त्याचे वेगळे पैसे देत नाही. मग रामबाग असो की सुदामानगर, ही जोडी माळ्यावर जाते आणि खाली टेबलावर कॉम्प्युटरचे छोटे प्लास्टिकचे स्पीकर चिरकत राहतात. माळ्यावरचं सामान धड असेल तर ते घरी उत्तम वाजतं. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही, पण कामं क्रमाने करावी लागतात. त्या क्रमात पहिला नंबर करंटचा लागतो, आवाजाचा नंतर. हा बेत फसतो तो जवळपास नेहमी वीजपुरवठ्यापाशी, म्हणून या लेखातली बरीच जागा त्यालाच दिली आहे.

सामान आधीपासून घरात असेल, किंवा ओळखीतल्या कुणाकडून स्वस्तात मिळत असेल, तरच या वाटेला जा. केवळ कॉम्प्युटरसाठी म्हणून नवा कार ॲम्प्लिफायर घेऊ नका. त्या पैशांत २३० व्होल्टवर थेट चालणारा घरगुती ॲम्प्लिफायर येतो आणि पुढची अर्धी खटपट वाचते.

हातात काय आहे ते ओळखा

ॲम्प्लिफायरवर मोठ्या अक्षरात १००० वॉट, १५०० वॉट असं काही लिहिलेलं असतं. तो आकडा विसरा. खरा आकडा दोन ठिकाणी सापडतो. एक, माहितीपुस्तिकेत ‘आरएमएस’ शब्दापुढे, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती ताकद. पुस्तिका हरवली असेल तर दोन, ॲम्प्लिफायरच्या कडेला खोचलेल्या रंगीत पात्यांच्या फ्यूजवर. फ्यूजवर २५ लिहिलं असेल तर हा ॲम्प सतत २५ अँपियरपेक्षा जास्त खेचू शकत नाही. गाडी चालू असताना साधारण १३.८ व्होल्ट मिळतात, म्हणजे आत जाणारी वीज २५ गुणिले १३.८, सुमारे ३४५ वॉट. त्यातली बरीचशी उष्णतेत जाते. जुन्या पद्धतीचा क्लास एबी ॲम्प जेमतेम ५० ते ६० टक्के वीज आवाजात बदलतो, क्लास डी ८० टक्क्यांच्या आसपास. तेव्हा २५ अँपियरचा फ्यूज असलेला क्लास एबी ॲम्प फार तर २०० वॉटचा समजा, बाहेर काहीही छापलेलं असो. फ्यूज दोन असतील तर दोघांची बेरीज करा. सेकंडहँड माल घेतानाही हीच युक्ती वापरा. एकच खबरदारी: आधीच्या मालकाने मूळ फ्यूजच्या जागी मोठा ठोकलेला नाही ना, याची मॉडेल नंबरवरून खात्री करून घ्या.

आता सबवूफर. मागच्या चुंबकावर ‘४ ओहम’ किंवा ‘२+२’, ‘४+४’ असं लिहिलेलं असतं. दोन आकडे असतील तर आत दोन कॉइल आहेत. ४+४ च्या कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर ८. २+२ एकामागे एक जोडल्या की ४. हे महत्त्वाचं आहे, कारण दोन चॅनल ‘ब्रिज’ करून, म्हणजे एकत्र जोडून, एका सबवूफरला देताना बहुतेक कार ॲम्प ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात. त्याहून कमी दिलं तर करंट वाढतो, ॲम्प तापतो आणि लाल दिवा लावून बंद पडतो. घरी गाडीसारखी बॅटरी पाठीशी नसते, तेव्हा शंका असेल तिथे जास्त ओहमची जोडणी निवडा. आवाज थोडा कमी निघेल, सगळं थंड आणि शांत राहील.

तुमच्याकडे चार चॅनलचा ॲम्प असेल तर तुमचं नशीब चांगलं. पुढच्या दोन चॅनलना घरचे दोन स्पीकर द्या, मागचे दोन ब्रिज करून सबवूफरला द्या. एका डब्यात सगळं काम झालं. घरचे स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात, त्यांनी ॲम्पला काहीही त्रास होत नाही.

बारा व्होल्ट कुठून आणायचे

या कामासाठी लोक चार वाटा शोधतात. त्यातल्या दोन चांगल्या आहेत.

पहिली चांगली वाट म्हणजे जाळीदार पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा पुरवठा, जो दुकानांच्या एलईडी पाट्यांना आणि सीसीटीव्हीला लावतात. महाराणी रोडवर किंवा जेल रोडला ‘भिया, बारा व्होल्ट तीस अँपियरवाला दिखाओ’ म्हटलं की दुकानदाराला नेमकं कळतं. किती अँपियरचा घ्यायचा? हिशेब असा: २०० वॉट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात असताना आत २५० वॉट घेतो. त्याला १२ ने भागलं की २१ अँपियर. तेवढ्याच आवाजाचा क्लास एबी ॲम्प ३० अँपियरपर्यंत जातो. गाण्यात सतत पूर्ण जोर नसतो, सरासरी खप याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो. पण ढोलाचा एक ठोका पडतो त्या क्षणी पूर्ण करंट लागतो. बॅटरी तो क्षण सहज निभावते. एसएमपीएस मात्र मर्यादा ओलांडली की स्वतःला वाचवण्यासाठी क्षणभर बंद होतो, आणि तुम्हाला ऐकू येतं ते तुटक तुटक गाणं. म्हणून हिशेबातल्या आकड्यावर थोडी सैल जागा ठेवा. २१ निघाले तर ३० चा घ्या. हातात धरून वजन पाहा. ३० अँपियर लिहिलेला डबा १० अँपियरच्या डब्याइतकाच हलका लागला तर दुसऱ्या दुकानात जा.

या डब्याच्या बाजूला एक छोटी कळ असू शकते, ११० आणि २२० ची. वीज देण्याआधी ती २२० कडे आहे ना, ते पाहा. टर्मिनलच्या पट्टीवर इंग्रजी एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, मग अर्थिंगची खूण, आणि पुढे अधिक व उणे अशी १२ व्होल्टची टोकं असतात. शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने व्होल्टेज थोडं वरखाली करता येतं. मल्टिमीटर लावून ते १३ च्या आसपास आणून ठेवा. १४.४ पर्यंत ताणायचा हट्ट करू नका. ज्या ॲम्पचा आतला पुरवठा व्होल्टेजबरोबर वरखाली होतो, त्याची ताकद १४.४ वरून १२ वर आल्यावर सुमारे ३० टक्क्यांनी घटते हे खरं, पण कानाला तो फरक दीड डेसिबलच्या आसपासचा असतो. लक्ष देऊन ऐकलं तर जेमतेम कळेल.

एक गोष्ट जीवावरची आहे. या एसएमपीएसची २३० व्होल्टची टोकं उघडी असतात, त्यावर फार तर एक पातळ प्लास्टिकची पट्टी असते. घरात लहान मूल असो वा नसो, तो डबा हवा खेळेल अशा लाकडी किंवा प्लास्टिकच्या खोक्यात बसवा, तीन पिनची वायर वापरा, अर्थिंग जोडाच. फेज-न्यूट्रल जोडायची सवय नसेल तर हे एवढं काम वायरमनकडून करून घ्या. आणि डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

दुसरी चांगली वाट आहे जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस. सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात तो सहज मिळतो. त्याच्या अंगावरच्या लेबलवर एकूण वॉट वाचू नका. १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपियर लिहिले आहेत ते वाचा. पिवळ्या वायरी १२ व्होल्टच्या, काळ्या उणे. तो मदरबोर्डशिवाय चालू करायचा तर २४ पिनांच्या कनेक्टरमधली एकुलती हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरीला जोडावी लागते. तिथे एक छोटं बटण बसवलं की झालं. पिवळी वायर बारीक असते, एकीतून ६-७ अँपियरपेक्षा जास्त नेऊ नका. २० अँपियर हवे असतील तर तीन-चार पिवळ्या एकत्र आणि तेवढ्याच काळ्या एकत्र करा. काही जुने एसएमपीएस ५ व्होल्टच्या लाल वायरीवर थोडा भार असल्याशिवाय १२ व्होल्ट नीट धरत नाहीत. आणि चालू कॉम्प्युटरच्याच एसएमपीएसमधून ॲम्पला वीज देऊ नका. ढोल वाजला आणि मशीन रीस्टार्ट झालं तर हार्ड डिस्कवरचं काम जाईल.

आता उरलेल्या दोन वाटा.

घरातला इन्व्हर्टर. मोठी ट्यूब्युलर बॅटरी व्हरांड्यात उभीच आहे, १२ व्होल्टचीच आहे, तिच्यावरून दोन वायरी ओढल्या तर? मोह होतो, पण नको. चार्जिंगच्या वेळी तिचं व्होल्टेज १४.४ आणि कधीकधी त्याहून वर जातं, इन्व्हर्टरचा सगळा खरखराट त्याच वायरींतून ॲम्पमध्ये येतो, आणि वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर ती बॅटरी शेकडो अँपियर देऊ शकते. आग लागायला तेवढं पुरतं. गाडीची जुनी बॅटरी बेडरूममध्ये ठेवून चार्जर लावणंही तसंच. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, आणि तो बंद खोलीत साठू देणं धोक्याचं.

शेवटची वाट म्हणजे ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि मोठा कपॅसिटर. जुने रेडिओ मेकॅनिक अजून हे बनवून देतात. अडचण साध्या गणिताची आहे: १२ व्होल्ट एसी गाळून घेतला की भार नसताना तो १५-१६ व्होल्टपर्यंत चढतो, आणि मेनचा व्होल्टेज वाढला की त्याहूनही वर. बऱ्याच कार ॲम्पची सहनशक्ती तिथेच संपते.

ॲम्प जोडण्याआधी पुरवठ्याची परीक्षा

नवशिक्यांनी हा टप्पा टाळू नये असं मला मनापासून वाटतं. गाडीच्या पार्ट्सच्या दुकानातून हेडलाइटचा एक एच-फोर हॅलोजन बल्ब आणा. त्यात ६० आणि ५५ वॉटच्या दोन तारा असतात. दोन्ही एकदम पेटवल्या की सुमारे ९ ते १० अँपियर जातात. बल्ब फरशीवर ठेवा, कारण तो भयंकर तापतो. त्याच्याकडे थेट पाहू नका, हात लावू नका. एसएमपीएसच्या १२ व्होल्टला तो जोडा आणि मल्टिमीटरने टोकांवरचं व्होल्टेज बघा. १३ चे १२.८ झाले तर उत्तम. १० अँपियरलाच ११ वर आले, किंवा डबा टिक-टिक करत बंद-चालू होऊ लागला, तर तो परत करा. पंधरा मिनिटं पेटता ठेवा आणि डब्याचा पंखा फिरतो का ते पाहा. काही डब्यांचा पंखा तापल्यावरच सुरू होतो, तेव्हा घाई करू नका. दुकानदाराने घासाघीस करून ‘तीस अँपियर’ म्हणून दिलेल्या डब्याचं खरं रूप इथे कळतं, आणि तेही तुमचा ॲम्प पणाला न लावता.

वायरी

गाडीत उणे टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून डिकीत एकच जाड लाल वायर लांबवर आलेली दिसते. घरी बॉडी नाही. उणे वायरही लालइतकीच जाड हवी. एसएमपीएस ॲम्पच्या शेजारीच ठेवा, अर्ध्या-एक मीटरच्या आत; मग ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ३० अँपियरला व्यवस्थित पुरते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कार वायरिंग किटमध्ये अनेकदा तांब्याचा नुसता मुलामा असलेलं ॲल्युमिनियम असतं, त्यापेक्षा महाराणी रोडची घरगुती फिटिंगची तांब्याची वायर चांगली. टोकांना लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, दाबून घ्या. नुसते तंतू पिळून स्क्रूखाली घालू नका, ते कालांतराने सैल होतात आणि तिथेच जळतात. लाल वायरीवर ॲम्पच्या फ्यूजइतकाच एक फ्यूज होल्डरसकट बसवा.

ॲम्पवर तिसरं छोटं टोक असतं, ‘आरईएम’, म्हणजे रिमोट. गाडीत स्टिरिओकडून निळी वायर इथे येते आणि ॲम्पला जागं करते. घरी अधिक टोकावरून एक बारीक वायर छोट्या बटणातून इथे आणा. बटण दाबलं की ॲम्प चालू. सगळ्या वायरी जोडूनही ॲम्प मेल्यासारखा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा हे टोक रिकामं असतं. ज्यांना कॉम्प्युटरबरोबर आपोआप चालू व्हायला हवं त्यांनी यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारा रिले लावून त्याच्यातून ही १२ व्होल्टची वायर न्यावी. थेट यूएसबीचे ५ व्होल्ट रिमोटला देऊ नका, ते बहुतेक ॲम्पना पुरत नाहीत.

स्पीकरच्या वायरींबद्दल एकच: ॲम्पच्या स्पीकर टोकांतलं कुठलंही टोक कॉम्प्युटरच्या किंवा एसएमपीएसच्या उण्याला लागू देऊ नका. ब्रिज जोडणीत दोन्ही टोकांवर आवाज असतो, त्यातलं एकही ‘ग्राउंड’ नसतं.

गाडीतला मोठा कपॅसिटर, १ फॅरडवाला, पडून असेल तर तो इथे लावायचा मोह आवरा. रिकामा कपॅसिटर चालू होताना इतका करंट ओढतो की एसएमपीएसला तो शॉर्ट वाटतो आणि तो सुरूच होत नाही.

कॉम्प्युटरकडून आवाज आणणे

मागच्या हिरव्या जॅकमधून ३.५ एमएमची पिन आणि दुसऱ्या टोकाला ॲम्पच्या इनपुटमध्ये बसणारे लाल-पांढरे दोन आरसीए प्लग अशी केबल घ्या. ती जितकी आखूड तितकी बरी, आणि २३० व्होल्टच्या वायरीला चिकटून नेऊ नका. चार चॅनलच्या ॲम्पला चार आरसीए लागतात. तिथे वाय-आकाराचे जोड लावा किंवा ॲम्पवर ‘टू चॅनल इनपुट’ची कळ असेल तर ती वापरा.

मदरबोर्डवर नारिंगी जॅक असेल तर तो सेंटर आणि सबवूफरचा असतो. तो वापरता येतो, पण मग विंडोजमध्ये ५.१ स्पीकरची मांडणी निवडावी लागते आणि साधी स्टिरिओ गाणी सबवूफरला जातीलच असं नाही. नवशिक्याने हिरव्याच जॅकवर राहावं आणि खर्ज वेगळा करायचं काम ॲम्पच्या फिल्टरला करू द्यावं. सबवूफरच्या चॅनलवर ‘एलपीएफ’ (फक्त खालचे सूर पुढे सोडणारा फिल्टर) निवडा, काटा ८० हर्ट्झवर. स्पीकरच्या चॅनलवर ‘एचपीएफ’ (फक्त वरचे सूर सोडणारा), तोही ८० च्या जवळ. स्पीकर अगदीच छोटे असतील तर दोन्ही ११०-१२० पर्यंत चढवा. ‘बास बूस्ट’चा काटा शून्यावर, आणि तो तिथेच राहू द्या.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं बंद, प्लग बाहेर. आधी स्पीकर आणि सबवूफर जोडा, मग आरसीए, मग उणे, शेवटी अधिक. अधिक-उणे उलटं तर नाही ना, हे दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या. उलटं जोडलं तर फ्यूज जातो आणि कधी ॲम्पही. गेनचे काटे पूर्ण खाली. कॉम्प्युटर चालू करा, तो स्थिरावू द्या, मग एसएमपीएस, आणि सगळ्यात शेवटी रिमोटचं बटण. बंद करताना उलट: आधी ॲम्प, मग कॉम्प्युटर. असं केलं की चालू-बंद करतानाचा ‘धप्प’ आवाज सबवूफरपर्यंत पोचत नाही.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. कॉम्प्युटरकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचा मेळ घालायचा तो काटा आहे. कारच्या महागड्या स्टिरिओचा सिग्नल ४-५ व्होल्टचा असू शकतो, कॉम्प्युटरचा साधारण एक-दोन व्होल्टचा, म्हणून गाडीतलं सेटिंग इथे लागू पडत नाही. सोपी रीत अशी: विंडोजचा आवाज ८० टक्क्यांवर, इक्वलायझर बंद, ओळखीचं गाणं लावा. गेन हळूहळू वाढवा. खर्ज फाटल्यासारखा, कोरडा वाजू लागला की तिथून मागे या आणि थांबा.

मल्टिमीटर असेल तर आणखी नेमकं करता येतं. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये ५० हर्ट्झचा सूर तयार करा. सबवूफरच्या वायरी ॲम्पपासून सोडवा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्या टोकांना लावा. वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा: १०० वॉट आणि ४ ओहम असतील तर ४०० चं वर्गमूळ, २० व्होल्ट. मीटरवर २० येईपर्यंत गेन वाढवा, सूर बंद करा, वायरी परत जोडा. यापुढे विंडोजचा आवाज ८० च्या वर न्यायचा नाही, एवढंच पथ्य. यानंतर गाणं जोरात लावून ॲम्पच्या टोकांवरचं डीसी व्होल्टेजही एकदा पाहा. ठोक्यागणिक ते ११ च्या खाली जात असेल तर वायर बारीक आहे किंवा एसएमपीएस अपुरा आहे.

‘हूं…’ असा आवाज येतो, त्याचं काय

घरी जोडलेल्या कार ॲम्पची सर्वांत नेहमीची तक्रार हीच. काहीही वाजत नसताना सबवूफर बारीक घुमत राहतो. ही ५० किंवा १०० हर्ट्झची, म्हणजे आपल्या घरच्या विजेचीच गुणगुण असते. कॉम्प्युटरचा पत्रा तीन पिनच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेला, त्याच्या ऑडिओ केबलची जाळीही त्याच पत्र्याला जोडलेली. तिकडे ॲम्पचा उणे दुसऱ्या एसएमपीएसमधून दुसऱ्या सॉकेटच्या अर्थिंगला गेलेला असेल तर एक मोठं वर्तुळ तयार होतं आणि त्यात फिरणारा बारीकसा करंट आवाज बनून बाहेर येतो. कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस वापरला असेल तर हे हमखास घडतं, कारण त्यात उणे आणि अर्थिंग आतून जोडलेलेच असतात. एलईडीवाल्या डब्यात १२ व्होल्टची बाजू सहसा मोकळी असते, म्हणून तिथे त्रास कमी. माझी पसंती त्या डब्याला आहे ती मुख्यतः यासाठी.

कारण शोधायची पद्धत: ॲम्प बंद करून आरसीए काढा आणि परत चालू करा. गुणगुण तशीच राहिली तर दोष पुरवठ्यात आहे. गेली तर दोष वर्तुळात आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. चार्जर काढताच शांतता झाली तर तेच निदान.

पहिला उपाय फुकटचा आहे. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि एसएमपीएस या सगळ्यांचे प्लग एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. त्याने नाही मिटलं तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी आरसीए केबलच्या मध्ये बसवतात. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्त डब्यांतले ट्रान्सफॉर्मर इतके लहान असतात की ते खर्जच खाऊन टाकतात. स्पीकरला ते चालून जातं, पण सबवूफरचा सगळा जीव खर्जात. म्हणून त्याऐवजी ब्लूटूथ रिसीव्हर वापरा: त्याला वेगळ्या मोबाइल चार्जरवर चालवा, आवाज कॉम्प्युटरकडून हवेतून येऊ द्या. वर्तुळच तुटतं. गाणी ऐकायला हे उत्तम. सिनेमा पाहताना किंवा गेम खेळताना आवाज थोडा मागे पडतो.

अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. गुणगुण खरंच थांबते, आणि त्याबरोबर तुमचं संरक्षणही जातं. कापू नका. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत किंवा वाड्यांत तर आधी हेच तपासून घ्या की तिसऱ्या भोकामागे खरंच अर्थिंगची तार आहे. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्यांसारखा चटका बसत असेल तर बहुधा ती नाही, आणि पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत आहेत. आवाजाचं काम थांबवा आणि वायरमनला बोलवा.

गाडी वेगळी, खोली वेगळी

सगळं नीट जोडलं, तरी पहिल्या दिवशी अनेकांचा हिरमोड होतो: गाडीत छातीत धडकणारा सबवूफर घरात सपक लागतो. सबवूफर बिघडलेला नाही. गाडीच्या बंद, छोट्या पोकळीत साधारण ५०-६० हर्ट्झच्या खाली हवेचा दाब आपोआप वाढतो आणि अगदी खोल खर्ज फुकटात मिळतो. दहा बाय बाराच्या खोलीत ती मदत नाही. उलट खोलीचे स्वतःचे हट्ट असतात. बारा फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झची लाट नेमकी बसते, दहा फुटांमध्ये ५६ ची. हे सूर खोलीच्या काही ठिकाणी फुगून येतात, काही ठिकाणी गायब होतात.

म्हणून जागा शोधायला एक संध्याकाळ द्या. सबवूफर तुमच्या खुर्चीवर किंवा खुर्चीच्या जागी ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि जमिनीलगत कान ठेवून भिंतीकडेने फिरा. जिथे खर्ज भरीव पण स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. कोपऱ्यात तो सगळ्यात मोठा वाजतो. कमी वॉटमध्ये भागवायचं असेल तर कोपरा चांगला, घुमणं नको असेल तर कोपऱ्यापासून हात-दीड हात दूर. मग ॲम्पवर फेजची कळ असेल तर ती शून्य आणि १८० अशी उलटसुलट करून पाहा आणि खुर्चीत बसून जिथे खर्ज जास्त भरीव लागेल ती ठेवा.

परीक्षेसाठी नुसती डीजेची गाणी लावू नका, त्यात सगळाच खर्ज कृत्रिम असतो आणि चूक झाकली जाते. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा लावा. मनगट दाबून सूर वर चढतो तेव्हा तो सलग चढला पाहिजे, मध्येच एखादा स्वर मोठा होता कामा नये. पखवाजाचं रेकॉर्डिंग मिळालं तर आणखी छान. नाना पानसे यांच्यासारखे पखवाजी याच शहरात राहिले, आपल्या कानांना हे वाद्य परकं नाही. त्यातला ‘धा’ खोलीत लोंबकळत राहिला तर सबवूफर सरकवायचा किंवा गेन कमी करायचा.

पेटीच नसेल, नुसता स्पीकर असेल, तर बंद पेटी करून घ्या. बारा इंची सबवूफरला साधारण एक घनफूट पुरतं: आतून १४ इंच बाय १४ इंच बाय ९ इंच. १८ मिलिमीटरचा प्लाय, सांध्यांना भरपूर फेव्हिकॉल आणि स्क्रू, आतून थोडा कापूस. एमडीएफ स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात ओल लागली की फुगतो. वापरायचाच असेल तर कडा रंगवून बंद करा. भोक असलेली पेटी जास्त मोठी वाजते, पण तिचं माप प्रत्येक सबवूफरला वेगळं लागतं, अंदाजाने होत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पेटीखाली जाड रबराची किंवा फोमची चटई घालावी. खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात जातो, तुमच्या खोलीत मंद वाटला तरीही. कायद्याप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि सबवूफर ती लवकर ओलांडतो. रात्रीसाठी रिमोटच्या बटणाशेजारी सबवूफरच्या वायरीवरच एक वेगळं बटण घालून ठेवता येतं. स्पीकर चालू, सबवूफर गप्प. ते बटण ॲम्प बंद असतानाच फिरवा.

आठवड्याभराने सगळे स्क्रू परत आवळा, नवीन वायर दबून थोडी सैल होतेच. मे महिन्यात इंदूरची दुपार अनेकदा ४० अंशांच्या वर असते, तेव्हा ॲम्प आणि एसएमपीएस टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. दोघांच्या वर चार बोटं मोकळी जागा असू द्या, ॲम्प उभा भिंतीला लावला तर त्याच्या अंगावरच्या धातूच्या पात्यांमधून हवा वर निघून जाते. तासभर वाजवल्यावर त्याच्या अंगावर तळहात पाच सेकंद ठेवता आला पाहिजे. येत नसेल तर ओहम पुन्हा मोजा.